एक जोड हातमोजे

"मग हातमोज्यांची मागणी निम्म्यावर आली, ती कशानं?" केरबाकाकांनी विचारलं.

"शिस्तीनं," निशिकांत म्हणाला.

काकांनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला. पेरणीचं बियाणं निवडायचं काम चाललं होतं.

"माणसं तेवढीच आहेत?"

"तेवढीच."

"काम कमी झालं?"

"उलट वाढलंय, काका. यंदा तिसरी भट्टी सुरू झाली."

"मग हात कमी झाले असतील..."

निशिकांत हसला. काका हसले नाहीत. त्यांनी पुढची शेंग उचलली.

निशिकांत हेरवाडकर पुण्याच्या मुख्य ऑफिसात खरेदीप्रमुख होता. कंपनीच्या तीन फाउंड्र्या. लोखंड, वाळू, कोक ही मोठी खरेदी दुसरे लोक बघत. निशिकांतकडं उरलेलं सगळं होतं. हातमोजे, बूट, साबण, झाडू, कागद, दिवे, कँटीनचे कप... तयार मालात जे कुठंच दिसत नाही ते. अहवालात त्याला अप्रत्यक्ष खरेदी म्हणत. केरबाकाका नुसतं किरकोळ म्हणायचे.

कोल्हापूरची फाउंड्री तिघींत जुनी. तिच्या स्टोअरच्या खिडकीत केरबा चौगले चौतीस वर्षं बसले. पंधरा वर्षांपूर्वी इंजिनियर होऊन आलेल्या निशिकांतला कंपनीनं आठ महिने त्यांच्या हाताखाली दिलं होतं. साबण आधी भिजवून बघायचा. झाडूनं आधी एक खोली झाडून बघायची. बूट घालून जिना चढून यायचं. हे केल्याशिवाय काका कुठल्याही मालावर सही करत नसत, आणि हे सगळं ते निशिकांतकडून करवून घेत. ऑफिसातल्या भाषणांत निशिकांत नेहमी सांगायचा, मी केरबाकाकांच्या खिडकीतून वर आलो. काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत तो त्यांच्याकडं एकदाच आला होता, तेही रस्त्यात गाव लागलं म्हणून.

आज मात्र तो मुद्दाम आला होता. पुढच्या महिन्यात पुण्यात कंपनीचा मोठा कार्यक्रम होता. दोन वर्षांत किरकोळ खरेदीचा खर्च एवढा खाली आणला म्हणून निशिकांतचा सत्कार व्हायचा होता. त्याची इच्छा होती, काकांनी स्टेजवर असावं. शाल त्यांच्या हातून घ्यावी.

"गाडी पाठवतो, काका. हॉटेलची सोय करतो."

"आधी काय केलंस ते तर सांग."

निशिकांतनं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. तिन्ही फाउंड्र्यांना मिळून दीडशेच्या वर पुरवठादार होते, ते त्यानं बारावर आणले. एका मॅनेजरचा मेहुणा दुप्पट भावानं बूट पुरवत होता, त्याला बंद केलं. एकाच वस्तूला तीन ठिकाणी तीन भाव होते, ते एक केले.

"हे बरं केलंस," काका म्हणाले. "मेहुण्याचं तर फार बरं केलंस. मला नव्हतं जमलं ते."

निशिकांतला आत कुठंतरी गार वाटलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"आणि आता कुणी उठून खिडकीवर जायचं आणि काहीही मागायचं, हे बंद. सगळं संगणकावर. कुणाला काय, किती दिवसांनी, कुणाच्या मंजुरीनं... सगळं बांधून दिलंय. हातमोज्यांची मागणी निम्मी झाली ती त्यामुळं. एक रुपया भाव न घासता. हाच माझा सगळ्यात चांगला आकडा आहे, काका."

सुपातला एक सुकलेला दाणा काकांनी वेचून बाहेर टाकला.

"मी येतो कार्यक्रमाला," ते म्हणाले. "पण त्याआधी मला एक जोड हातमोजे आणून दाखव."

"एकच? पेटी पाठवतो."

"पेटी नको. मला घालायचे नाहीत, बघायचेत. बघून परत देऊ. पण आणायचे ते खिडकीवरून. रांगेत उभं राहून. साहेब म्हणून नाही."

"त्यात काय..."

"काहीच नाही," काका म्हणाले. "उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला निशिकांत फाउंड्रीत शिरला. गेटवर त्याच्या कार्डाला सलाम झाला, पण आत त्याला तोंडावरून ओळखणारं कुणी नव्हतं. वर्षातून दोनदा तो यायचा तो वरच्या मजल्यावरच्या एसी खोलीत, आणि तिथूनच परत जायचा. प्लँटचे मोठे साहेब त्या दिवशी बाहेरगावी होते. पाहुण्यांसाठी ठेवलेला राखाडी कोट त्यानं चढवला, हेल्मेट घातलं आणि स्टोअरकडं गेला.

खिडकी तीच होती. गजांना नवा रंग होता.

रांगेत सातआठ जण होते. पुढच्या दोघांचं बोलणं चाललं होतं.

"तिसरा हेलपाटा हा माझा."

"सही न्हाई?"

"सही हाय. सुपरवायझरची हाय, खात्याच्या साहेबाची हाय. पुण्याची मंजुरी न्हाई आली."

"हँडग्लोजला पुण्याची मंजुरी..."

"हेरवाडकर म्हणून कोण हाय तिकडं. त्यानं काढलाय नियम."

"बघितलंय का कुणी त्याला?"

"आपण कुठनं बघणार."

"हातात काय घालत असंल तो?"

"घड्याळ."

रांग हसली. मोकळं, रोजचं हसणं. त्यात फारसा रागही नव्हता. निशिकांतनं डावा हात कोटाच्या खिशात घातला. हसायला हवं म्हणून तोही हसला, आणि स्वतःचं हसू त्याला ऐकू आलं.

पुण्यात त्यानं हीच मागणी पडद्यावर चार मिनिटांत करून दाखवली होती. संचालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याच्या पुढं एक वयस्क कामगार होता. अंगानं वाळलेला, भुवया राखेच्या रंगाच्या. त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं हातातला जोड गजांतून आत सरकवला. खिडकीत मंदाकिनी नावाची मुलगी होती. तिनं मोजा उलटा केला. तळव्याला रुपयाएवढं भोक होतं.

"तातोबाकाका, तुम्हाला दिलेला एकवीस तारखेचा आहे. तीस दिवस झाले नाहीत."

"भोक पडलंय गं."

"दिसतंय मला. पण हे घेतच नाही." तिनं संगणकाकडं बोट केलं. "तीस दिवस झाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी काय करू सांगा."

"तू काय करणार," तातोबा म्हणाले. त्यांनी जोड परत घेतला. वाद घातला नाही. निशिकांतला वाटलं, त्यांनी घालायला हवा होता.

मग त्याचा नंबर आला.

"एक जोड हातमोजे," तो म्हणाला.

"चिठ्ठी?"

"नाही."

"नवीन आहात का? कंत्राटातले?"

तो काही बोलला नाही. मंदाकिनीनं ते हो धरलं आणि सवयीनं सांगत गेली. सुपरवायझरची सही आणा. मग खात्याच्या साहेबांची. मग मागणी संगणकावर चढेल. मंजुरी आली तर मंगळवारी नाहीतर शुक्रवारी वाटप. आणि पहिला जोड असेल तर नवीन माणसाचा नंबर पुण्याहून यावा लागतो, त्याला आठवडा लागतो.

"तोपर्यंत?" निशिकांतनं विचारलं. स्वतःचाच नियम तो पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं ऐकत होता.

"तोपर्यंत कुणाकडून तरी घ्या. बहुतेक जण बाजारातून स्वतःचेच आणतात आता. इथं येतच नाहीत." ती वहीकडं वळली. "नाव सांगा. नोंदवून ठेवते, निदान पुढच्या वेळी परत सांगायला नको."

निशिकांतनं तोंड उघडलं.

हेरवाडकर. सहा अक्षरं होती. मागं माणसं उभी होती. शेजारी तातोबा अजून तिथंच होते, मोजा उलटासुलटा करून भोकाच्या कडा बघत.

"चौगले," तो म्हणाला.

तातोबांनी मान वर केली.

"कुठले चौगले? केरबा चौगल्यांचे कोण तुम्ही?"

आता माघार घ्यायची वाट होती. फक्त नाही म्हणायचं होतं.

"पुतण्या," निशिकांत म्हणाला.

तातोबांचा चेहरा बदलला. रांगेतल्या जुन्या दोघातिघांनीही वळून बघितलं. एकानं काकांची तब्येत विचारली. बरी आहे, शेंगा निवडत होते काल, असं निशिकांतनं सांगितलं. तेवढं एक खरं होतं.

तातोबा त्याला खिडकीपासून बाजूला घेऊन गेले.

"केरबाअण्णांच्या हाती कंजुषी लई," ते म्हणाले. "एक चिंधी वाया जाऊ द्यायचे न्हाईत. पण मोजा मागायला गेलं की मोजा बघायचे न्हाईत. हात बघायचे. दाखव म्हणायचे. हात बघून मग शिव्या घालायचे आणि नवा द्यायचे..."

निशिकांतला ते माहीत होतं. आठ महिने तो त्या खिडकीत काकांच्या शेजारी उभा राहिला होता. गजांतून आत येणारे तळवे त्यानं पाहिले होते. काका ते तळवे दिव्याखाली धरायचे, आणि त्यालाही वाकून बघायला लावायचे. हे आपण कधी विसरलो, ते त्याला आठवेना.

"तुम्ही कुठल्या खात्यात?" तातोबांनी विचारलं.

"अजून... ठरलेलं नाही."

"नॉकआउटलाच टाकतील. नवा माणूस तिथंच देतात. वाळूचा साचा फोडून ओतलेला जॉब बाहेर काढायचा. वरून काळा दिसतो, आत निखारा असतो. पहिल्या दिवशी हात भाजला की माणूस दुसऱ्या दिवशी येत न्हाई." त्यांनी हातातला जोड झटकला, नीट दुमडला आणि त्याच्यापुढं धरला. "ह्यो घ्या. भोकाला आतून कापड लावा, चालतंय."

"आणि तुम्हाला?"

"माझ्याकडं हाय दुसरा."

निशिकांतनं घ्यायला नको होता. त्याला तेव्हाही ते कळत होतं. पण काकांनी जोड आणायला सांगितला होता, समोर जोड होता, आणि त्याला तिथून लवकरात लवकर निघायचं होतं. त्यानं घेतला. देताना तातोबांचा तळवा वर झाला, तेव्हा त्यानं नजर गजांकडं वळवली.

"अण्णांना सांगा, तातोबा खोतानं नमस्कार सांगितलाय."

"सांगतो," निशिकांत म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं जोड शेजारच्या सीटवर ठेवला. मग तो तिथं बघवेना, म्हणून मागच्या सीटवर टाकला. काकांचं गाव बारा किलोमीटर. वाटेत पुण्याहून फोन आला. सत्काराच्या फलकावर कुठला फोटो लावायचा, असं विचारत होते. त्यानं नंतर सांगतो म्हटलं.

काका सोप्यात बसले होते. सूप उचलून ठेवलेलं होतं, बियाणं पोत्यात भरून झालं होतं. निशिकांतनं जोड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर, खुर्ची असूनही, खाली बसला.

काकांनी मोजा हातात घेतला. कापड चुटकीत धरून चोळलं. शिवण ओढून बघितली. मग भोकातून बोट बाहेर काढलं.

"खिडकीवर मिळाला?"

"नाही."

"मग?"

"तातोबा खोतांनी दिला. नमस्कार सांगितलाय."

"तातोबा..." काका म्हणाले.

आत काकूंनी चहा टाकला होता. आल्याचा वास येत होता.

"तुला कसा दिला? तुला तर तो ओळखत नाही."

निशिकांतला वाटलं होतं, हे विचारलं जाणार नाही. येताना सगळ्या रस्त्यानं त्यानं बाकीचं कसं सांगायचं ते जुळवलं होतं. रांग कशी चुकीची आहे, मंजुरी कुठं अडते, तीस दिवसांची अट कशी बदलता येईल...

"मी तुमचा पुतण्या आहे म्हणून सांगितलं."

काकांनी त्याच्याकडं बघितलं.

"का?"

"माझं नाव सांगता आलं नाही."

बाहेर गोठ्यात म्हैस दावं ओढत होती. निशिकांतचे कान तापले होते. चाळिशीचा माणूस, हाताखाली तीस जण, आणि खाली बसून तो जमिनीवरच्या शेणाच्या सारवणातल्या रेघा बघत होता.

"ते लोक हसत होते, काका. रागानं नाही. मी असणारच, पावसापाण्यासारखा, असं धरून चालले होते. एक जण म्हणाला, तो हातात घड्याळ घालतो..." निशिकांत म्हणाला. "मीही हसलो त्यांच्याबरोबर."

काका ऐकत होते.

"माझा सगळ्यात चांगला आकडा... लोकांनी मागायचं सोडलं, त्याचा होता तो. मला आता जाऊन उभं राहता येणार नाही त्या स्टेजवर. तुम्हीही येऊ नका."

"बरं."

"मी नियम बदलतो. आजच पत्र काढतो. तिन्ही फाउंड्र्यांत."

"काढ."

आणि ते त्यानं पुढं केलं, हे खरं आहे. सत्कार नाकारला, त्यामागचं कारण लेखी दिलं, संचालकांच्या खोलीत उभं राहून वाढलेल्या खर्चाबद्दल बोलणीही खाल्ली. बारा पुरवठादार बाराच राहिले, मेहुणा बाहेरच राहिला. पण हातमोजे, बूट आणि साबण यांच्यावरची मंजुरी निघाली, आणि खिडकीतल्या माणसाला हात बघून द्यायची मुभा आली. कंपनीत आजही कुणी त्याचं कौतुक करायला लागलं, तर तो विषय बदलतो. नव्या लोकांना शिकवायला बसला की मात्र ही हकीगत सांगतो, आणि ती त्या दुपारपाशीच संपवतो. आपण त्यातून कसे सावरलो, ते तो सांगत नाही.

त्या दुपारी त्याला वाटत होतं, सांगून झालं. सगळ्यात अवघड होतं ते तोंडातून बाहेर पडलं. आता काका रागावतील किंवा पाठीवर हात ठेवतील, आणि कसंही झालं तरी हलकं वाटेल.

काकांनी दोन्ही मोजे एकावर एक ठेवले.

"तू घेताना त्याला विचारलंस का, तुम्हाला काय म्हणून?"

"विचारलं. माझ्याकडं दुसरा आहे म्हणाले."

"तुझ्या नियमात एका माणसाला किती जोड?"

निशिकांतची नजर काकांच्या मांडीवरच्या जोडावर गेली.

"...एक," तो म्हणाला.

काकांनी जोड त्याच्या हातात दिला. त्याची बोटं स्वतःच्या बोटांनी मिटवली. काकू कपबशा घेऊन दारात आल्या आणि दोघांकडं बघून तिथंच थांबल्या.

"तातोबाची पहिली पाळी असणार. कधी सुटते रे?"

"साडेतीनला."

भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

"मग चहा राहू दे," केरबाकाका म्हणाले.